उसन्या आवाजाची नायिका

पुण्यातल्या एका चित्रपट मंडळाच्या ऑनलाइन चर्चेत अलीकडेच असा सिद्धान्त मांडला गेला की, साठच्या दशकातल्या युरोपीय हेरपटांची नायिका स्वतंत्र होती. आपली मात्र खलनायकाच्या अड्ड्यावर खांबाला बांधलेली. पुरावा म्हणून १९६३च्या ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’चा शेवट पुढे करण्यात आला, जिथे डॅनिएला बियांकी ऐन वेळी गोळी झाडून बाँडला वाचवते.

गोळीबद्दल माझी तक्रार नाही. पण रोममध्ये जन्मलेल्या आणि १९६०च्या मिस युनिव्हर्स स्पर्धेत उपविजेती ठरलेल्या या बियांकीचा त्या चित्रपटातला आवाज तिचा नाहीच. तो बार्बरा जेफर्ड या ब्रिटिश अभिनेत्रीचा आहे. आदल्याच वर्षी ‘डॉ. नो’मध्ये उर्सुला अँड्रेसच्या तोंडी निकी व्हॅन डर झिल बोलल्या होत्या. बाँड चालल्यावर इटली, फ्रान्स आणि पश्चिम जर्मनी यांनी मिळून स्वस्त हेरपटांचा जो सपाटा लावला, त्यात तर नटनट्या बरेचदा आपापल्या भाषेत बोलत आणि आवाज मागाहून भरले जात. अनेक देशांत खपवायच्या मालात संवादापेक्षा संकट सोयीचे, कारण पळवून नेलेली देखणी स्त्री सगळ्यांनाच समजते. (केशरचना तेवढी शेवटपर्यंत विस्कटत नाही.) अशा स्वातंत्र्याचे पुण्याने कौतुक करावे आणि १९६८च्या ‘आँखें’मध्ये माला सिन्हांनी स्वतः हेराची भूमिका केली होती, हे तिथे कोणाला आठवूही नये!

आपल्या नायिकाही उसन्या आवाजातच गातात, असे कोणी मला सुनावेल. खरे आहे, पण लताबाईंचे नाव श्रेयनामावलीत असे, जेफर्डबाईंचे नव्हते.

हे सगळे मी चर्चेत सांगितले, तेव्हा एक गृहस्थ सौम्यपणे म्हणाले, “तुम्ही तिकडचे, तुम्हाला तिकडच्या उणिवा दिसणारच.” इकडे इटलीत, मी राहतो त्या तोरिनोतले सहकारी माझ्या इटालियनची अशी तारीफ करतात, जणू ती कोणीतरी माझ्या तोंडात भरून दिली आहे; आणि त्यांचेही पूर्णपणे चुकत नाही, कारण बैठकीत बोलताना मलाच माझा आवाज परका वाटतो. पुण्याशी मराठीत वाद घालताना तो ओळखीचा लागतो, आणि म्हणूनच बहुधा मी असली भांडणे उकरून काढत असतो.