ही सेनेट आहे हो, इलेक्टोरल कॉलेज नाही!

बेसबॉलच्या अमेरिकन लीगमधल्या २०२५ च्या एमव्हीपीचं (सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्काराचं) मतदान म्हणजे इलेक्टोरल कॉलेज (अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीची पद्धत, मोठ्या राज्याला जास्त मतं), न्यूयॉर्कचं वजन जास्त म्हणून यँकीज टीमचा आरोन जज जिंकला आणि सिएटलच्या कॅल रॅलीची लूट झाली, हा लेखातला जोक वाचून हसू आलं पण हिशोब साफ चुकलाय. लीगमधल्या प्रत्येक शहराला टीममागे दोनच मतं, म्हणजे अमेरिकन लीगची १५ टीमची ३०, त्यात यँकीजची दोन आणि सिएटलचीही दोनच. उपमा द्यायचीच तर अमेरिकन संसदेतल्या सेनेटची द्या ना, तिथे छोटंसं वायोमिंग आणि मोठं कॅलिफोर्निया सारखेच!

बाकी मी असतो तर कॅल रॅलीलाच मत दिलं असतं. कॅचर (पिचरने टाकलेला चेंडू झेलणारा) असून एका मोसमात ६० होमरन (चेंडू थेट मैदानाबाहेर) म्हणजे काय चेष्टा आहे का, रोज गुडघ्यांवर बसून पिचरला सांभाळायचं आणि वर हे, आधीचा कॅचरचा विक्रम ४८ चा होता. पण जजची बॅटिंगची .३३१ ची अ‍ॅव्हरेज काय डोळे मिटून सोडून द्यायची? रॅली .२४७ वर होता, ते लेखात सोयीस्करपणे गाळलंय. पहिल्या पसंतीची मतं १७ विरुद्ध १३ पडली, याला कोणी लूट म्हणतं का? आणि प्लेऑफमधल्या (मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांतल्या) खेळाचं काय घेऊन बसलात, मतं त्याआधीच दिलेली असतात.