काजव्यांचा तो मेसेज पुढे पाठवण्याआधी

मृग जवळ आला की जळगाव-धुळ्याच्या ग्रुपांवर काजव्यांचा एक मेसेज फिरू लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: काजव्याच्या पोटात फॉस्फरस असतो. तो जेमतेम आठवडाभर जगतो. मोबाइल टॉवरमुळे तो संपला आणि जागतिक संस्थेने त्याला नामशेषही जाहीर केलं. काजव्याची अळी पाण्यात वाढते, म्हणून सातपुड्यातून बरणीभर काजवे आणून गावच्या तळ्यात सोडा, जपानने असेच वाचवले. मेसेज लिहिणाऱ्याला काजव्यांची कळकळ आहे, यात शंका नाही. पण हा सल्ला पाळला तर उरलेसुरलेही जातील.

फॉस्फरसचं पटकन उरकतो. काजव्याचा उजेड ल्युसिफेरिन नावाच्या रसायनाचा आहे. ल्युसिफेरेज हे विकर आणि पेशीतली ऊर्जा यांच्या मदतीने त्याचा प्राणवायूशी संयोग होतो आणि उजेड पडतो. उष्णता जवळजवळ नाहीच. पिवळ्या फॉस्फरसच्या जळण्याशी याचा काही संबंध नाही.

आठवडाभराचं आयुष्य ही मात्र खरी घातक समजूत. आठवडा-दोन आठवडे जगतो तो उडणारा, प्रौढ काजवा. त्याआधीचं बहुतेक सगळं आयुष्य अळीचं असतं, आणि पुष्कळ जातींत ते वर्षभराच्या आसपास, काहींत त्याहूनही जास्त चालतं. आपल्याकडच्या बहुतेक काजव्यांच्या अळ्या ओलसर पालापाचोळ्यात आणि मातीत राहतात. गोगलगाय, गांडूळ दिसलं की चावा घेऊन पाचकरस आत सोडायचा आणि विरघळलेलं मांस शोषायचं, हा त्यांचा क्रम. अळीही मंद उजळते, पण खाली वाकून बघतो कोण? जूनमधला लखलखाट हा फक्त शेवटचा अंक. म्हणून बांधावरचा पाचोळा उन्हाळ्यात पेटवला, ओढ्याकाठी तणनाशक मारलं, गोगलगायनाशकाचे दाणे फेकले, तर पुढच्या मृगाचे काजवे तिथेच संपतात. कपाशीच्या बियाण्याला लावलेलं इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशकही मातीत बराच काळ टिकतं, आणि अळी त्याच मातीत वावरते.

आता पाण्याचं. जगात काजव्यांच्या दोन हजारांवर जाती आहेत, त्यांतल्या अगदी मोजक्या जातींच्याच अळ्या गोड्या पाण्यात वाढतात. सगळ्यात जास्त अभ्यास झाला तो जपानच्या गेन्जी काजव्याचा. त्याची मादी झऱ्याकाठच्या शेवाळावर शेकड्यांनी अंडी घालते. महिन्याभराने अळी बाहेर पडते ती थेट पाण्यात. पोटाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या कल्ल्यांनी श्वास घेते आणि पाण्यातल्या एका ठरावीक गोगलगायीवर वाढते. गोगलगाय शंखात शिरली तर ही तिच्यामागोमाग डोकं आत घालते. आठ-नऊ महिन्यांनी, वसंतातल्या पावसाळी रात्री, अळ्या उजळत काठावर चढतात, मऊ मातीत कोठडी करून कोष करतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर उडतात. म्हणजे वाहतं स्वच्छ पाणी, त्यातली ती गोगलगाय, शेवाळ, भुसभुशीत काठ आणि अंधार, हे सगळं एका जागी हवं. सिमेंटने बांधून काढलेल्या तळ्यात यातलं काय आहे? शिवाय सातपुड्यातून आणलेल्या काजव्याची अळी बहुधा पाण्यात वाढणारी नसतेच. बरणीतून आपण आणतो ते प्रौढ, आणि मूळ जागी घातली जाणारी अंडीही त्यांच्यासोबत तिथून हलवतो.

जपानचा दाखला तर मेसेजवरच उलटतो. शिगा प्रांतातल्या मोरियामाचे काजवे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पकडून शहरांत विकले जात. ती जागा 1924 मध्ये संरक्षित नैसर्गिक वारसा ठरली, तरी पुढे तिथले काजवे संपले. नंतर जिथे यश आलं तिथे आधी झरा, काठ आणि गोगलगायी परत आणाव्या लागल्या. पश्चिम जपानचा गेन्जी साधारण दोन सेकंदांनी चमकतो, पूर्वेकडचा चार सेकंदांनी. हौसेपोटी एकीकडचे काजवे दुसरीकडे सोडल्याने हे वंश मिसळले, ही तिथल्या अभ्यासकांची आजची चिंता आहे.

टॉवरचं म्हणाल तर 2020 साली काजवे-तज्ज्ञांचा जगभर कानोसा घेतला गेला. त्यात वरचे तीन धोके निघाले: अधिवास नष्ट होणं, रात्रीचा कृत्रिम उजेड आणि कीटकनाशकं. टॉवर त्यांत नाही. नर उडत चमकतो, मादी खालून गवतातून उत्तर देते. केळीच्या बागेशेजारी, धरणावर, फार्महाऊसवर रात्रभर फ्लडलाइट जळत असेल तर नराला ते उत्तर दिसणार कसं? दोष टॉवरवर टाकला की फ्लडलाइटचं बटण आपल्याच हाताशी आहे, हे विसरायला होतं.

आणि नामशेष? 'काजवा' ही एकच जात नाही. आययूसीएन या निसर्ग-संवर्धनाच्या जागतिक संस्थेने 2018 मध्ये काजव्यांसाठी तज्ज्ञगट नेमला. अमेरिका-कॅनडातल्या 132 जाती तपासल्या, तेव्हा 18 जाती धोक्यात निघाल्या आणि निम्म्याहून जास्त जातींबाबत पुरेशी माहितीच मिळाली नाही. अख्खे काजवे नामशेष, असं कुणीही जाहीर केलेलं नाही.

माहितीची ही उणीव खान्देशात बसून थोडी भरता येते. यावल, पाल, तोरणमाळ, अनेरचा काठ किंवा पांझरेकाठची फड पद्धतीने भिजणारी शेतं, जिथे काजवे दिसतील तिथली जागा, तारीख, वेळ आणि साधारण संख्या लिहून ठेवा. जाताना गाडीचे दिवे आणि टॉर्च बंद ठेवा, पायवाट सोडून गवतात शिरू नका, खाली माद्या बसलेल्या असतात. बरणी घरीच राहू द्या.