ऐरोलीतली रवण

"कडकनाथ का हो?" हा प्रश्न माझ्या कोंबड्या बघून लोकांनी मला इतक्यांदा विचारलाय की आता गेटवर पाटीच लावणार आहे. नाही, कडकनाथ नाही. कडकनाथ म्हणजे मध्य प्रदेशातल्या झाबुआचा काळा कोंबडा, त्याच्या मांसाला २०१८ मध्ये जीआय टॅग, म्हणजे त्या भागाची खासियत असल्याचा शिक्का मिळालाय, तो खायचा. माझी सिल्की, कोंबडीचीच वेगळी जात. कातडी काळी, हाडं काळी, इथपर्यंत दोघांचं जमतं, पण वरून ही पांढरी कापसाची लादी आणि हिच्या पायाला बोटं पाच, बाकीच्या बहुतेक कोंबड्यांना चार. एवढं सगळं सांगून झाल्यावर समोरचा माणूस शांतपणे विचारतो, "मग कापणार कधी?"

शेजारच्या काकू अस्सल दिवागावच्या आगरी. पहिल्यांदा बघितलं तेव्हा कंपाउंडवरून म्हणाल्या, "ही कोंबरी हाय का उशी?" आणि थोडा विचार करून, "रस्सा काला व्हईल का रं?"

तर झालं असं की मागच्या मे महिन्यात मी पुण्याकडच्या एका माणसाकडून सिल्कीची बारा अंडी मागवली. कुरियरने. एक अंडं दीडशे रुपये. बायकोला मी पंधरा सांगितलं होतं, ते इथे लिहितोय कारण ती माझं लिहिलेलं वाचत नाही. प्रवासात अंड्याच्या आतली हवेची पोकळी हलते म्हणून आल्या आल्या मशीनला लावायची नाहीत, टोक खाली करून दिवसभर नुसती ठेवायची. ठेवली, फ्रिजशेजारच्या ट्रेमध्ये. संध्याकाळी ऑफिसमधून आलो तर मुलगी म्हणते बाबा आज आम्लेट करूया का, अंडी आलीयेत. आठशे मीटर पळाल्यासारखं झालं मला.

मशीन म्हणजे थर्माकोलचं खोकं, आत बल्ब, छोटा पंखा आणि थर्मोस्टॅट. साडेसदतीस डिग्री आणि २१ दिवस. आई कणकवलीची. तिने खोक्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "कोंबयेक सोडून ह्या खोक्याक कित्याक रवणीक बसवलंस?" रवण म्हणजे अंडी उबवायला बसणं. तिच्या माहेरी टोपलीत पेंढा, त्यावर अंडी, त्यावर कोंबडी आणि सगळ्यावर डालगा, संपला विषय. मी तिला तापमान, आर्द्रता वगैरे समजावलं. ती ऐकत होती, म्हणजे ताक घुसळत होती.

आर्द्रतेचीच तर गंमत झाली. सगळीकडे लिहिलेलं असतं की मशीनमध्ये वाटीत पाणी ठेवा, पहिले अठरा दिवस ४५ ते ५० टक्के, शेवटचे तीन दिवस ६५च्या वर. मी इमानदारीत वाटी ठेवली. अहो, जूनमध्ये ऐरोलीला खाडीच्या काठावर राहणाऱ्या माणसाने वाटी ठेवावी? आमच्याकडे मिठाच्या बरणीत चमचा उभा राहतो, पापड तळल्यावर पाच मिनिटांत चपाती होते. अंड्यातलं पाणी थोडं थोडं उडायला हवं, तरच आतली हवेची पोकळी मोठी होते, नाहीतर पिल्लू आतल्या आत बुडतं. सातव्या दिवशी अंधारात टॉर्चवर अंडी धरून बघितली तेव्हा तीन नुसतीच पिवळी, म्हणजे त्यात कधी काही नव्हतंच, आणि बाकीच्या नवांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा, मधे एक ठिपका आणि तो ठिपका हलला. मी बायकोला हाक मारली, ती म्हणाली कुकरची शिट्टी झाली की येते. वाटी त्या दिवशी काढून टाकली.

दिवसातून तीनदा अंडी फिरवायची, ती ड्युटी आईने गुपचूप स्वतःकडे घेतली. एका बाजूला पेन्सिलीने फुली, दुसऱ्या बाजूला गोल. अठराव्या दिवसानंतर फिरवायचं बंद आणि झाकण अजिबात उघडायचं नाही. आणि एकोणिसाव्या रात्री धो धो पाऊस, अख्ख्या सेक्टरची लाईट गेली. मी रडायच्या बेतात. आईने कपाटातून गोधडी काढली, खोक्यावर टाकली, गरम पाण्याच्या दोन बाटल्या बाजूला खोचल्या आणि झोपायला गेली. एवढ्या दिवसांची पिल्लं स्वतःची थोडी ऊब धरतात म्हणे, पण मी पहाटे चारपर्यंत गोधडीवर हात ठेवून बसलो होतो, मुलगी झाली तेव्हा हॉस्पिटलात एवढा बसलो नव्हतो. (हे बायकोचं मत.)

पाच निघाली. नवातली पाच. ओल्या जळमटासारखी, प्रत्येकाच्या पायाची बोटं मी चष्मा लावून मोजली.

आता सिल्कीची मोठी भानगड अशी की नर की मादी हे महिनोन् महिने कळत नाही. बाकीच्या कोंबड्यांचा तुरा बघून सांगता येतं, इथे तुरा म्हणजे अक्रोडाएवढा गोळा आणि त्यावर पिसांचा टोप. टोपामुळे त्यांना दिसतही नाही धड, आमची एक रोज त्याच बादलीला धडकायची. पिसं पण अशी की पाणी झटकत नाहीत, पावसात सापडली की फरशी पुसायचं फडकं. उडता येत नाही, मांजर आलं तर पळायचंही सुचत नाही. मार्को पोलोने तेराव्या शतकात चीनमध्ये मांजरासारखे केस असलेल्या काळ्या कोंबड्यांबद्दल लिहून ठेवलंय, त्या काळापासून या जिवंत कशा राहिल्या हे मला कोडं आहे.

पाचातला एक सहाव्या महिन्यात आरवायला लागला, रो-हाऊसच्या ग्रुपवर दोन मेसेज आले, तो ठरला कोंबडा. दोन मित्राला दिल्या. उरल्या शेवंता आणि मोगरा. शेवंता अंडी द्यायला लागली. मोगरा देत नव्हती, पण दिसायला अशी की बघत राहावं, पांढरीशुभ्र, गोल, कानाची पाळी निळी. फेब्रुवारीत वाशीला पेट शो होता, त्यात फॅन्सी कोंबड्यांचा वेगळा कोपरा. मोगराचं नाव दिलं, माद्यांच्या गटात.

आदल्या रात्री आंघोळ. तीन टब, पहिल्यात बेबी शाम्पू, दुसऱ्यात साधं पाणी, तिसऱ्यात चमचाभर व्हिनेगर. मोगरा दुसऱ्या टबात झोपली. मग बायकोचा हेअर ड्रायर, पाऊण तास, मंद हवेवर. बायको दारात उभी राहून म्हणाली, "माझ्या भावाच्या लग्नात मला दहा मिनिटं मिळाली होती." मी बोटांच्या बेचक्या टूथब्रशने घासत होतो, उत्तर दिलं नाही.

शोमध्ये परीक्षक शांत माणूस. मोगराला टेबलावर घेतलं, पिसांत फुंकर मारून काळी कातडी बघितली, पंख उघडले, बोटं मोजली, पाच, पाच. मान हलवली. मला वाटलं, झालं काम. तेवढ्यात मोगराने मान ताणली आणि फाटक्या पिपाणीसारखं आरवली. हॉलमध्ये सगळे थांबले. घरात दांडगा कोंबडा असला की धाकटा गप्प राहतो, इथे दांडगा नव्हता. परीक्षकांनी मोगराला पिंजऱ्यात ठेवलं आणि माझ्याशी हात मिळवला. "अभिनंदन, मुलगा झाला."

घरी आलो तर वेगळाच गोंधळ. शेवंता खुडूक, म्हणजे अंडी उबवायच्या हट्टाला पेटलेली. स्वयंपाकघरात शिरून कांद्याच्या टोपलीत बसलेली, अंग फुगवून, आणि हात घातला की टोचते. आईने तिला उठवू दिलं नाही, पाप लागतं म्हणे. बायकोने दोन किलो कांदे नवीन आणले आणि ते फ्रिजवर ठेवले.

परवा बारावा दिवस. लाईट बंद करून आईने माझाच टॉर्च मारला, शेवंताखालून एक कांदा काढला. कोंब आला होता, बोटभर, हिरवागार.

"बग," आई म्हणाली, "तुझ्या खोक्यापेक्षा रिझल्ट बरो."