‘फेअर’ म्हणजे नुसता गोरा नव्हे

नमस्कार. ‘फेअरचा खरा अर्थ गोरा, लग्नाच्या बायोडेटात बघा. बाकीचे अर्थ ओढूनताणून आणून तुम्ही मुलांना गोंधळात टाकता,’ असं तुम्ही लिहिलंत. मुलांच्या गोंधळाचं म्हणणं मनाला लागलं, म्हणून सविस्तर लिहिते.

गोव्यात डिचोलीला माझ्या शिकवणीत आठवीतल्या एका मुलीने ‘फेअर जज’चं भाषांतर ‘गोरा न्यायाधीश’ असं केलं. बाकीची मुलं हसली. तास संपल्यावर ती वही छातीशी धरून आली आणि हळूच म्हणाली, ‘टीचर, मग अनफेअर म्हणजे सावळी?’ ती स्वतः सावळी. एकाच अर्थावर भागवलं की काय होतं, ते मला त्या दिवशी दिसलं.

जुन्या इंग्रजीत हा शब्द ‘सुंदर, डोळ्यांना सुखावणारा’ अशा अर्थाचा. गोरेपणाचा अर्थ त्याला मागाहून चिकटला. बायोडेटात तो आहेच, नाकारत नाही; पण ‘फेअर अँड लव्हली’नेही २०२० मध्ये नावातून हा शब्द काढला. दुसऱ्या वाटेने तो डाग नसलेला, म्हणून न्यायाचा असा झाला. आपला ‘उजळ’ घ्या ना. रंग उजळ असतो आणि माणूस उजळ माथ्यानेही फिरतो. तेव्हा त्याच्या कपाळाचा रंग कोण बघतो?

रफ वहीतलं आपण फेअर वहीत उतरवतो, म्हणजे खाडाखोड नसलेलं. रेशन दुकानाच्या ‘फेअर प्राइस’ला मराठीत ‘रास्त भाव’. फसवतो तो शेऱ्यातला फेअर. प्रगतिपुस्तकात तो दिसला की पालक खूश होतात, पण तो ‘गुड’च्या खालचा, जेमतेम बरा.

एक चूक मात्र दाखवते, राग मानू नका. जत्रेचा ‘फेअर’ तुम्ही याच शब्दाचा धरलात. तो वेगळा, लॅटिन ‘फेरिया’, म्हणजे सणाचा दिवस, यावरून आलेला. त्याच मुळातून पोर्तुगीज ‘फैरा’ आणि आपली फेस्ताची, म्हणजे चर्चच्या सणाची, ‘फेरी’. चर्चसमोर जिथून आपण खाजं आणतो, ती फेरी इंग्रजी जत्रेची सख्खी बहीण. गोऱ्या रंगाशी तिचं काही नातं नाही.

त्या मुलीने पुढच्या तासाला स्वतःचं वाक्य करून आणलं: ‘द अंपायर वॉज अनफेअर.’ शेतातल्या सामन्यात तिच्या भावाला चेंडू बॅटीला न लागताच झेलबाद दिलं होतं.