लेव्हल कोणती ते नंतर, आधी मदत काय लागते ते विचारा

ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या मुलांच्या पालकांच्या ग्रुपवर कोणी नवीन आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "लेव्हल कोणती?" म्हणजे आधार किती लागतो याचा निदानातला १ ते ३ मधला आकडा. मुलाचं नाव, वय, त्याला काय आवडतं, हे सगळं मागाहून. उत्तर 'लेव्हल १' आलं की सगळे म्हणतात, चला, मग काळजी नाही. 'लेव्हल ३' आलं की धीर देणाऱ्या मेसेजची रांग लागते. मी विशेष शिक्षिका आहे, असे रिपोर्ट रोज वाचते, आणि हा प्रश्न मला दिवसेंदिवस जास्तच खटकायला लागलाय. पोस्ट लांब आहे, पण कृपया पूर्ण वाचा.

निदानाची नावं बदलत आलीत यात नवल नाही. लिओ कॅनर या बालमानसोपचारतज्ज्ञाने १९४३ मध्ये ऑटिझम असलेल्या ११ मुलांबद्दल लिहिलं, तरी अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या १९६८ च्या डीएसएममध्ये, म्हणजे मानसिक विकारांच्या निदानाच्या पुस्तिकेत, अशी मुलं बालपणातल्या स्किझोफ्रेनियाखालीच मोडत होती. ऑटिझमला तिथे स्वतंत्र जागा मिळाली थेट १९८० मध्ये. १९८७ मध्ये कशातच नीट न बसणाऱ्यांसाठी पीडीडी-एनओएस हे नाव आलं, आणि १९९४ मध्ये, ज्यांना बोलायला उशीर झाला नाही अशांसाठी, अ‍ॅस्पर्जर. मग २०१३ च्या डीएसएम-५ ने ही सगळी नावं काढून 'ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर' असं एकच निदान ठेवलं. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी, आयसीडी-११, जानेवारी २०२२ पासून लागू झाली, तिनेही तोच रस्ता धरला.

हे एकत्रीकरण योग्यच होतं, असं माझं ठाम मत आहे. ऑटिझमच्या संशोधक कॅथरीन लॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१२ चा अभ्यास मला यात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. १२ विद्यापीठांच्या केंद्रांमधली दोन हजारांवर मुलं त्यांनी घेतली. चाचण्यांमधले गुण सगळीकडे साधारण सारखेच, पण एका केंद्रात ज्याला अ‍ॅस्पर्जर म्हणत, त्याला दुसरीकडे पीडीडी-एनओएस म्हणत. मूल कसं आहे यापेक्षा आईवडील त्याला कोणत्या केंद्रात घेऊन गेले, यावर नाव ठरत होतं. अशा नावावर शाळा, थेरपी, सवलती ठरवायच्या म्हणजे सरळसरळ अन्याय होता.

पण ज्यांना ते जुनं नाव मिळालं होतं त्यांचं काय? माझ्या ओळखीचा एक तरुण खिशात एक कार्ड ठेवतो. त्यावर त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं : "मला अ‍ॅस्पर्जर आहे. मोठा आवाज झाला की मला बोलता येत नाही. मला हात लावू नका. पाच मिनिटं थांबा, मग मी उत्तर देईन." एका कार्यालयात त्याला सांगितलं, हे निदान आता नसतंच, नवीन रिपोर्ट आणा. खरं तर डीएसएम-५ मध्येच स्पष्ट लिहिलंय की ज्यांचं जुनं निदान पक्कं आहे त्यांना ऑटिझम स्पेक्ट्रमचं निदान द्यावं. तरी बिचाऱ्याला पुन्हा सगळ्या चाचण्यांतून जावं लागलं. त्याने नवं कार्ड केलं, त्यात पहिली ओळ बदलली. खालच्या तीन ओळी जशाच्या तशा आहेत, आणि दुकानात, बसमध्ये, दवाखान्यात त्याच्या उपयोगी पडतात त्याही त्याच.

ज्याच्या नावावरून ते निदान पडलं त्या व्हिएन्नाच्या डॉक्टरबद्दल, हान्स अ‍ॅस्पर्जरबद्दल, २०१८ मध्ये इतिहासकार हेरविग चेक यांनी कागदपत्रांनिशी दाखवून दिलं की नाझी काळात त्याने काही मुलांना व्हिएन्नातल्या आम श्पीगेलग्रुंड या दवाखान्यात पाठवलं होतं. अपंग मुलांना तिथे ठार मारलं जायचं. हे वाचल्यावर माझ्या तोंडून ते नाव निघत नाही. पण वयाच्या चाळिशीत ज्याला त्या नावामुळे पहिल्यांदा स्वतःचा उलगडा झाला, त्याने ते वापरलं तर त्याला दुरुस्त करायला मी जाणार नाही. तो त्याचा हक्क आहे.

माझी खरी तक्रार लेव्हलबद्दल आहे. डीएसएम-५ मध्ये लेव्हल म्हणजे आधार किती लागतो याचा अंदाज. १ ला आधार लागतो, २ ला बराच, ३ ला खूपच जास्त. तोही दोन ठिकाणी वेगवेगळा मांडायचा असतो. एक सामाजिक संवादासाठी, एक ठरावीक, पुन्हा पुन्हा होणाऱ्या वागण्यासाठी. परिस्थितीनुसार आणि काळानुसार तो बदलू शकतो हेही तिथेच लिहिलंय. सेवा द्यायची की नाही हे यावरून ठरवू नका, असंही बजावलंय. आणि माझ्या हातात येणाऱ्या रिपोर्टमध्ये काय असतं? एकच आकडा. तोही मूल तीन वर्षांचं असताना दिलेला, दहाव्या वर्षीही तोच चिकटलेला.

माझ्या वर्गातला एक मुलगा घडाघडा बोलतो, वाचन उत्तम, म्हणून लेव्हल १. ज्या दिवशी न सांगता बाई बदलल्या, त्या दिवशी तो दोन्ही कान दाबून टेबलाखाली बसला आणि शाळा सुटेपर्यंत बाहेर आला नाही. 'हा तर माइल्ड आहे' म्हणून त्याला मदतनीस नाकारला होता. त्याच वर्गातली एक मुलगी बोलत नाही, म्हणून लेव्हल ३. टॅबलेटवर शब्द निवडून ती मला सांगते की पंखा आवाज करतोय, बंद करा. तिला काही कळत नाही असं धरून लोक तिच्यासमोर तिच्याबद्दल वाट्टेल ते बोलतात. त्याला मदत मिळत नाही आणि तिला मान मिळत नाही. दोन्ही त्या एका आकड्यापायी.

आता काहींना न आवडणारं लिहिते. 'प्रोफाउंड ऑटिझम' हे वेगळं नाव हवं, या मागणीच्या बाजूने मी आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञांच्या गटाने, म्हणजे लॅन्सेट कमिशनने, डिसेंबर २०२१ मध्ये ते सुचवलं. ज्यांच्याजवळ चोवीस तास मोठं माणूस लागतं, ज्यांची भाषा अगदी थोडी आहे किंवा बुद्ध्यांक ५० च्या खाली आहे, त्यांच्यासाठी. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या २०२३ च्या अभ्यासात ऑटिझम असलेल्या आठ वर्षांच्या मुलांपैकी २६.७ टक्के मुलं यात बसली. अनेक ऑटिस्टिक व्यक्तींचा याला विरोध आहे. पुन्हा भिंती उभ्या राहतील ही त्यांची भीती मला पटते. पण रात्री मूल दार उघडून रस्त्यावर जाईल म्हणून दाराला उंचावर कडी बसवून आळीपाळीने जागणारे आईवडील मी पाहिलेत. 'ऑटिझम म्हणजे फक्त वेगळेपण' हे ऐकलं की आपलं घर कुणाला दिसतच नाही असं त्यांना वाटतं. आणि या व्याख्येत निदान मदतीची भाषा तरी आहे. आठ वर्षांच्या आधी हे नाव लावू नये हेही कमिशननेच म्हटलंय, ते मात्र कसोशीने पाळायला हवं.

रिपोर्ट लिहिणाऱ्यांना कळकळीने सांगते, दोन्ही लेव्हल वेगळ्या लिहा. मूल कशाने बिथरतं, कशाने सावरतं, एकटं काय करतं, कुठे माणूस लागतंच, हे चार वाक्यांत लिहा. पुन्हा कधी तपासायचं तो महिना लिहा. पालकांनो, हे लिहून घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. घाई आहे म्हणाले तर पुढची वेळ मागा, पण लिहून घ्या. आणि मूल सांगू शकत असेल, बोलून, लिहून, टॅबलेटवर, कसंही, तर त्यातलं किमान एक वाक्य त्याचं स्वतःचं असू द्या.