चालत्या फॅनला हात का लावला? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की माझ्या विमानाच्या पॅनलमागचा (पायलटसमोरच्या उपकरणांच्या फळीमागचा) जुना एक फॅन इतकी वर्षं रेडिओ थंड ठेवत होता, चालत्या वस्तूला हात लावून दोन नवे ब्लोअर (नळीतून जोराने हवा ढकलणारे पंखे) बसवणं म्हणजे विकतचं दुखणं, वजन वाढलं, जळू शकतील अशा दोन जागा वाढल्या, आणि उडताना बाहेरची हवा फुकट मिळतेच की, एक नळी पुढून आणली असती तर काम झालं असतं. राग नाही आला, कारण विमान स्वतः बांधणाऱ्याने हे प्रश्न विचारलेच पाहिजेत.

पहिलं म्हणजे जुना फॅन चालत होता हेच खरं नव्हतं. पॅनल उघडून मी त्याचं पातं बोटाने फिरवलं तर अर्ध्या फेरीतच अडलं, बेअरिंग खरखरत होतं, आणि प्रत्येक पात्याच्या पुढच्या कडेला राखाडी लव चिकटून तिचा नमद्यासारखा थर झाला होता. फिरत होता, पण हवा किती ढकलत होता देव जाणे. आणि इंजिनाच्या आवाजात, कानाला हेडसेट लावून, हा फॅन बंद पडला तर कोणाला ऐकू येणारे? मला तरी कधी कळलं नसतं. म्हणून नवे ब्लोअर मुद्दाम तिसरी वायर असलेले घेतले, मोटर थांबली की त्या वायरवर सिग्नल येतो आणि पॅनलवरचा छोटा दिवा लागतो.

आता उडतानाचं. तिथे तुमचं बरंचसं बरोबर आहे. 10,000 फुटांवर हवेची घनता जमिनीच्या साधारण तीन चतुर्थांश उरते, म्हणजे तोच फॅन कमी हवा ढकलतो, पण हवाही जवळपास 20 अंशांनी थंड असते त्यामुळे भागून जातं. माझी काळजी वरची नाहीच, जमिनीवरची आहे. कॅनॉपीतून, म्हणजे वरच्या पारदर्शक छतातून, ऊन थेट पॅनलवर, विमान टॅक्सी करतंय (जमिनीवर हळू चालतंय) किंवा रांगेत उभंय, पुढून हवेचा दाब जवळजवळ शून्य, फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीतून) इंजिनाची उष्णता आत, आणि नेमकं तेव्हाच रेडिओवर सगळ्यात जास्त बोलणं चालू. अशा वेळी तुमची फुकटची हवा येणार कुठून? रेडिओतले इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) 10 अंश जास्त तापले की त्यांचं आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं, तेव्हा रेडिओ आज बंद पडत नाही म्हणून तो ठीक आहे असं नसतं.

हवा फार लागते असंही नाही. पॅनलमागे 60 वॅट उष्णता धरा आणि हवा 10 अंशांपेक्षा जास्त तापू द्यायची नाही असं ठरवा, तर सेकंदाला साधारण 5 लिटर हवा पुरते. अडचण नळीची आहे. पात्यांचा साधा फॅन मोकळ्यावर भरपूर हवा देतो पण बारीक वळणदार नळीतून ढकलायची म्हटलं की त्याचा जीव जातो, तिथे ब्लोअरच लागतो. दोन घेतले, पण हवा वाटून देणाऱ्या एकाच डब्यावर दोन्ही लावले आणि एक थांबला तर दुसऱ्याची हवा थांबलेल्यातून उलटी निघून जाते. म्हणून प्रत्येकाला वेगळी नळी, वेगळा फ्यूज: एकावर रेडिओ आणि ट्रान्सपाँडर (रडारला विमानाची ओळख कळवणारं यंत्र), दुसऱ्यावर स्क्रीन. आणि जळण्याबद्दल म्हणालात ते मी हलक्यात घेतलेलं नाही, दोन्हींचा स्विच हाताशी ठेवलाय, पॅनलमागे धूर दिसला तर पहिल्यांदा हवा बंद करता आली पाहिजे, नाहीतर आपणच आगीला फुंकर घालतो. वजन दोन्हींचं मिळून पाव किलोच्या आत आहे, तेवढं मला मान्य आहे.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत पण सांगायलाच हवी. ब्रशलेस मोटरच्या रोटरमध्ये कायमचं चुंबक असतं. पहिला ब्लोअर मी होकायंत्राच्या मागेच बसवला होता, सोयीची जागा म्हणून, आणि विमान उभं असताना नुसता हातात धरून जवळ-लांब करून पाहिला तर काटा डोळ्यांदेखत सरकला. मग तो खाली पायांच्या बाजूला नेला, नळी लांबली, पण होकायंत्र शांत झालं. तरी पुन्हा कंपास स्विंग करून, म्हणजे विमान वेगवेगळ्या दिशांना वळवून होकायंत्राची चूक मोजून, त्या चुकांचं कार्ड नवीन लिहिणारच आहे. अजून एक, 12 व्होल्टचा फॅन घेताना त्यावरची वरची मर्यादा वाचा, अल्टरनेटर (इंजिनावर चालणारं वीज जनित्र) चालू असताना विमानाच्या मुख्य वीजवाहिनीवर 14 व्होल्टच्या आसपास असतात.

राहिली पुढून आणलेली नळी. पूर्वी लोक असंच करायचे, आणि त्या नळीतून पावसाचं पाणी थेट रेडिओत जायचं. तुमच्याकडे तशीच नळी आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून मनापासून विनंती, या आठवड्यात रेडिओ त्याच्या ट्रेमधून (तो बसतो त्या खणातून) बाहेर काढा, टॉर्च घेऊन मागच्या कनेक्टरच्या पिना नीट बघा, हिरवट पडल्या असतील किंवा पांढरी पूड दिसली तर इथे कळवा, काय करायचं ते मिळून बघू.