६१ डीबीचा रिपोर्ट खोटा नव्हता, पण तुमचा त्रास खरा आहे

नमस्कार सर, तुमचा रिव्ह्यू वाचला. तुम्ही लिहिलंय की आम्ही कंडक्टिव्ह (वीज वाहणाऱ्या) पेंटच्या सॅम्पलला ६१ डीबी (डेसिबल) शिल्डिंग, म्हणजे रेडिओ लहरी अडवण्याची क्षमता, असल्याचा रिपोर्ट दिला, त्या भरवशावर तुम्ही प्लास्टिकचा डबा आतून रंगवून घेतला आणि तो ईएमसी टेस्टला (उपकरणातून बाहेर पडणाऱ्या रेडिओ लहरी मर्यादेत आहेत का ती तपासणी) ९०० मेगाहर्ट्झच्या आसपास फेल गेला, म्हणजे आमची लॅब मनाला येतील ते आकडे देते. एक स्टार दिलात त्याबद्दल भांडायचं नाहीये, पण आकडा मनाचा नव्हता, तो कुठून आला ते सांगतो.

तुम्ही पाठवलेला होता सपाट तुकडा. एएसटीएम डी४९३५ या टेस्टच्या स्टँडर्डमध्ये असा तुकडा कोअॅक्सियल फिक्स्चरच्या (नळीत नळी असलेल्या मोजणीच्या साच्याच्या) दोन भागांमध्ये घट्ट दाबून धरतात, आणि ३० मेगाहर्ट्झ ते दीड गिगाहर्ट्झपर्यंत एका बाजूने सिग्नल सोडून दुसऱ्या बाजूला किती पोचतो ते बघतात. त्याआधी त्याच मटेरियलची मधली चकती आणि बाहेरची रिंग, दोन्हींच्या मधली जागा मोकळी, असं लावून रेफरन्स रीडिंग घेतात आणि दोन्हीतला फरक म्हणजे तुमचे डीबी. त्या दिवशी जाड तांब्याची चकती लावून फिक्स्चर स्वतः जास्तीत जास्त किती डीबी मोजू शकतं तेही तपासलं होतं, ते ९० च्या वर होतं, म्हणजे ६१ मोजायला भरपूर जागा होती. ६० डीबी म्हणजे पॉवरचा दहा लाखातला एकच भाग पलीकडे जातो. पेंट चांगलाच आहे सर, सप्लायरशी त्यावरून वाद घालू नका.

पण या टेस्टमध्ये फट नसते, झाकण नसतं, केबल नसते. तुम्ही रिव्ह्यूसोबत डब्याचा फोटो टाकलाय त्यात मला दोन गोष्टी दिसल्या. झाकणाच्या कडेला पेंटच नाही, बहुतेक मास्किंग टेप लावून रंगवलंय, त्यामुळे झाकण आणि डबा फक्त स्क्रूपाशी एकमेकांना लागतात, आणि दोन स्क्रूंमधलं अंतर मोजपट्टीवर साधारण १६ सेंटीमीटर दिसतंय. ९०० मेगाहर्ट्झची वेव्हलेंग्थ (एका लहरीची लांबी) ३३ सेंटीमीटर, तिचं अर्धं साडेसोळा, म्हणजे ती फट नेमकी त्याच फ्रिक्वेन्सीला अँटेनासारखी वागते आणि तिथे शिल्डिंग जवळपास शून्यावर येतं, भिंतीला ६१ असो नाहीतर १००. फट दीड सेंटीमीटरवर आणली तर ढोबळ हिशोबाने २० डीबीच्या आसपास मिळतात, आणि कडेपर्यंत पेंट नेऊन कंडक्टिव्ह गॅस्केट (फट बंद करणारी वीजवाहक पट्टी) बसवलं तर त्याहून बरंच जास्त. दुसरं म्हणजे पॉवर केबल नुसत्या भोकातून बाहेर आलीय, फिल्टर नाही, आणि आतल्या सर्किटचा नॉइज (नको असलेले सिग्नल) तिच्यावर बसून बाहेर येत असेल तर भिंतीचा काहीच उपयोग नाही.

आता आमची चूक, आणि ती मला मनापासून लागलीय. पहिल्या पानावर आम्ही मोठ्या अक्षरात ६१ छापलं, ते पूर्ण बँडचं अॅव्हरेज होतं, आणि फ्रिक्वेन्सीप्रमाणे आलेला ग्राफ शेवटच्या पानावर टाकला. ९०० ला तो ५८ होता, त्याने तुमचा निकाल बदलला नसता, पण सॅम्पल घेताना "हे कशासाठी वापरणार" एवढं आमच्यापैकी कोणी विचारलं असतं तर डबा बनवायच्या आधीच फटीचा विषय निघाला असता. आता सॅम्पलच्या फॉर्मवर तो प्रश्न टाकलाय, आणि ग्राफ पहिल्या पानावर आणलाय, खाली स्पष्ट लिहून की हा आकडा सपाट शीटचा आहे, तयार डब्याचा नाही.

तुम्ही एक करून बघा, झाकणाच्या पूर्ण जोडावर तांब्याची टेप लावा, कंडक्टिव्ह गोंदवाली, आणि आत जिथे पेंट आहे तिथपर्यंत वळवून घट्ट दाबा, नुसती बाहेरच्या प्लास्टिकवर चिकटवून उपयोग नाही. ईएमसी टेस्टच्या ग्राफवरचा ९०० मेगाहर्ट्झचा पीक (टोक) खाली आला तर दोष फटीचा. नाही आला तर केबलवर डब्याच्या अगदी जवळ फेराइट क्लॅम्प (केबलवरचा नॉइज कमी करणारं कडं) लावून परत बघा.

आणि डबा आमच्याकडे घेऊन या. आयईईई २९९.१ हे स्टँडर्ड १० सेंटीमीटर ते २ मीटरच्या डब्यांसाठीच आहे, आत छोटा अँटेना ठेवून पूर्ण डबा मोजतात, ते आम्ही तुमच्याकडून काही न घेता करून देऊ. येताना तेच झाकण, तेच स्क्रू आणि तीच केबल आणा, नवीन काही लावू नका, मोजून होईपर्यंत टेपही काढून ठेवा.